सूचक, अनुमोदक आणि अठरा घागरी

मारुतीच्या देवळापुढच्या सभामंडपात दोन सतरंज्या अंथरल्यात, पण माणसं खांबांना टेकून बसलेली, तीसेक असतील. टेबलावर गांधीजी आणि शास्त्रीजींच्या तसबिरी, दोघांना झेंडूचे ताजे हार. तारीख २ ऑक्टोबर २०२४. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं हे गाव. ग्रामसभेची वेळ दहाची होती, आता साडेदहा वाजून गेलेत.

"आज कोण येतंय वं?" शेजारचे आबा पानाला चुना लावत मला म्हणतात. "आमुशा हाय, घराघरांत पितरं जेवायची. अन् उद्या घट बसायचं, म्हणून निम्म्या बाया वाकळा धुवायला वढ्यावर."

यंदा ओढ्याला वाकळा धुण्याइतकं पाणी आहे, याचंच गावाला अप्रूप. गेल्या उन्हाळ्यात इथं टँकरच्या खेपा मोजल्या जात होत्या.

टेबलामागे तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीत सरपंचबाई, वय पस्तिशीच्या आसपास, हातात घडी घातलेला कागद. डावीकडे उपसरपंच, उजवीकडे ग्रामसेवक भाऊसाहेब. गेल्याच आठवड्यात राज्य मंत्रिमंडळानं ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं एक करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव दिलंय. गावाला त्याचं सोयरसुतक नाही. भाऊसाहेब ते भाऊसाहेबच. त्याच बैठकीत सरपंचांचं मानधनही दुप्पट करायचं ठरलं. दोन हजारांपर्यंत लोकवस्ती असेल तर महिना ३,००० चे ६,००० रुपये. ही बातमी मात्र सगळ्यांना पाठ आहे.

"पगार डबल झाला म्हणं सरपंचबाईंचा," मागून एक जण ओरडतो. "आता च्या तरी डबल द्या!"

"पगार न्हाई तो, मानधन हाय," बाई जागेवरूनच म्हणतात. "अन् अजून पेपरातच हाय. खात्यात आलं की पयला च्या तुमास्नीच."

हशा पिकतो. भाऊसाहेब मात्र हसत नाहीत. त्यांचं लक्ष हजेरीच्या वहीवर आहे. गावात हजाराच्या वर मतदार. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला कमी आकडा. म्हणजे इथं १००. वहीत सह्या छत्तीस. शंभर भरले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला पुन्हा गणपूर्तीची अट नाही. दहा माणसांत गावाचा वर्षभराचा आराखडा मंजूर होऊ शकतो. ही पळवाट इथं सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी पळवाट त्याहून सोपी. शिपाई ती सुचवतो, "वही घेऊन आळीनं फिरून येऊ का? सह्या व्हतील अर्ध्या तासात."

"वही हितनं हलायची न्हाई," सरपंचबाई म्हणतात. "माणसं हिकडं आणा."

मग देवळाचा भोंगा सुरू होतो. दोन पोरं मोटारसायकलवर वस्त्यांकडं सुटतात. मोबाइलच्या गटावर आठवडाभर आधी टाकलेली नोटीस पुन्हा एकदा टाकली जाते.

ही बाई २०२२ च्या डिसेंबरमध्ये थेट जनतेतून निवडून आलीय. थेट सरपंच निवडायची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. तिचा एक परिणाम या टेबलामागेच बसलाय: सरपंच एका पॅनेलची, उपसरपंच दुसऱ्या पॅनेलचे. नऊ सदस्यांपैकी सहा त्यांच्या बाजूचे. गावच्या निवडणुकीत पक्षाची चिन्हं नसतात, पण कपबशी कुणाची आणि छत्री कुणाची, हे शेंबड्या पोरालाही कळतं. सहा सदस्य अविश्वासाला पुरे पडत नाहीत. त्याला तीनचतुर्थांश लागतात, आणि त्यावर पुन्हा ग्रामसभेत गुप्त मतदान. त्यामुळे दोन्ही बाजूंना एकमेकांना धरून बसण्यावाचून गत्यंतर नाही.

बाईंचे मालक गलाईच्या धंद्यात, तिकडं कोइमतूरला. माणदेशातली, खटाव-आटपाडीकडची कितीतरी घरं अशी सोनं-चांदी गाळायच्या भट्ट्यांवर उभी आहेत. बाप्या वर्षातून दोनदा गावाला येतो, बाकी घर-शेत बाईच्या अंगावर. "आमच्याकडं सरपंचपती न्हाई, हे एक बरं झालं," आबा पानाची पिंक टाकून येत म्हणतात. "असता तर ह्या खुर्चीवर त्योच बसला असता."

सव्वाअकराला वरच्या वस्तीवरच्या बाया येतात. एका घोळक्यानं, ओल्या नेसूंचे काठ पिळत, कुणाच्या काखेत लेकरू. त्या सतरंजीवर सरळ पुढं येऊन बसतात. वही त्यांच्यामधून फिरते. सह्या ठसठशीत, अंगठे दोन-तीनच. यांतल्या बऱ्याच जणींच्या पिशवीत बचत गटाचं पासबुक असतं. म्हसवडला १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक निघाली, तेव्हापासून या भागातल्या बाईला कागदाचं आणि सहीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. वहीतला आकडा एकशे सात. भाऊसाहेब घाम पुसतात आणि उभे राहतात.

"विषय क्रमांक एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे."

पंधरा ऑगस्टच्या सभेचं इतिवृत्त ते एका दमात वाचतात. प्रत्येक विषयाच्या शेवटी एकच वाक्य येतं, सदर विषयावर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर. तिसऱ्यांदा ते आल्यावर वस्तीच्या घोळक्यातून आवाज येतो.

"सर्वानुमते कवा झालं वं? मी नको म्हनलं व्हतं."

बोलणारी साठीची बाई आहे. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात खुरप्याचे घट्टे. सगळे तिला आक्का म्हणतात. विषय होता बाजारतळावरच्या गाळ्यांच्या भाड्याचा.

"आक्का, तुम्ही म्हणालात, पण विरोध नोंदवला नाहीत," भाऊसाहेब म्हणतात.

"म्हनलं म्हंजी नोंदिवलं न्हाई व्हय?"

"नाही. नोंदवा म्हणून सांगावं लागतं."

आक्का काही बोलत नाही. शेजारणीकडं बघून मान हलवते. इतिवृत्त कायम होतं.

दुसरा विषय जमाखर्चाचा. घरपट्टीची वसुली ऐकताना बरेच जण छताकडं बघतात. मग पंधराव्या वित्त आयोगाचा निधी. राज्याकडं येणाऱ्या या पैशातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना, १० पंचायत समितीला, १० जिल्हा परिषदेला. गावाच्या वाट्याला आलेल्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच. उरलेला ४० टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार भागवायचे नाहीत.

"मग देवळाचा मंडप वाढवायचा त्यो कशातनं?" पांढऱ्या टोपीतले एक नाना विचारतात.

"देऊळ ह्यात बसत न्हाई, नाना."

"म्हंजी पैसा गावाचा, अन् कुठं घालायचा ते दिल्लीनं सांगायचं?"

याला कुणाकडं उत्तर नाही. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं अकराव्या अनुसूचीत २९ विषय पंचायतींसाठी लिहून ठेवले, शेतीपासून शाळेपर्यंत आणि रस्त्यापासून बाजारापर्यंत. विषय खाली आले, पैशाच्या दोऱ्या वरच राहिल्या. पोरांना व्यायामशाळा हवी असते, म्हाताऱ्यांना मंडप, आणि सरपंचबाईंना दोघांनाही टक्केवारी समजावून सांगावी लागते. दिवाबत्ती अबंधितमधून करता येईल म्हटल्यावर पोरं खांबांची यादी देऊन शांत होतात.

पैसे काढायला आता धनादेश नाही. सरपंच आणि ग्रामसेवक, दोघांची डिजिटल सही लागते. बाईंची ती सही साठवलेली एवढीशी कांडी आधी संगणक चालवणाऱ्या पोराच्या ड्रॉवरमध्ये असायची. आता ती बाईंच्या पर्समध्ये, रुमालाच्या गाठीत असते. "तवापास्नं बिलं वाचून बघायची सवय लागली मला," त्या मघाशी चहा पिताना सांगत होत्या.

मधले दोन विषय, परिपत्रकांचं वाचन आणि घरकुलाची यादी, नेहमीच्या धुसफुशीत निघतात. मग भाऊसाहेब वेग वाढवतात.

"विषय क्रमांक पाच. जलजीवन मिशन अंतर्गत नळ पाणीपुरवठा योजना पूर्ण झाल्याबाबत व गाव 'हर घर जल' घोषित करणेबाबत. मंजूर? विषय क्रमांक सहा..."

"थांबा," आक्का म्हणते.

सभामंडपाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक तरुण बसलाय. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाइल. ठेकेदाराचा माणूस. तो सावरून बसतो. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं: प्रत्येक ग्रामीण घरात नळ, आणि माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी. काम पुरं झालं असं वरच्यांनी कितीही म्हटलं तरी गाव 'हर घर जल' प्रमाणित व्हायला ग्रामसभेचा ठराव लागतो. सरकारी योजनांच्या गर्दीत ही एक जागा अशी आहे, जिथं शेवटचा शब्द या सतरंजीवर बसलेल्यांचा आहे. म्हणूनच तो तरुण अमावास्येच्या दिवशी इथं आलाय.

"आमच्या वस्तीवर नळ हाय," आक्का उभी राहून बोलते. "तोटी हाय, चकाकती हाय. पानी न्हाई. काल बायांच्या सभेत समद्यांनी ह्येच सांगितलं. ते लिवलंय का?"

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, असा कायदाच आहे. ती काल संध्याकाळी झाली. भाऊसाहेब पानं उलटतात. लिहिलेलं आहे.

"मग वाचा की मोठ्यानं."

ते वाचतात. वरच्या वस्तीवर पाणी पोचत नसल्याबाबत महिलांनी नाराजी व्यक्त केली.

"नाराजी न्हाई," दुसरी एक, कडेवर लेकरू घेतलेली, म्हणते. "आमी हिशोब दिला व्हता. मानशी पंचावन्न लिटर. घरात पाच मानसं. किती झालं?"

"दोनशे पंचाहत्तर," शाळेतलं एक पोरगं पटकन सांगतं.

"घागरीत पंधरा लिटर धरा. आठरा घागरी व्हत्यात. आमच्या नळाला आठ दिसांत दोन घागरी आल्या, त्या बी रातच्या दोनला. बाकीच्या घागरी कुणी नेल्या?"

मंडपात खसखस पिकते. तो तरुण उठतो. वस्ती उंचावर आहे, टाकी खाली आहे, दाब कमी पडतोय, हे तांत्रिक आहे, असं समजुतीच्या सुरात सांगतो. "एवढा ठराव झाला की आमचं बिल निघेल. मग राहिलेलं काम लगेच करून देतो, शब्द आहे."

"बिल निघाल्यावर डोंगर चढून कोन येतंय रं बाबा?" आक्का म्हणते. तिच्या आवाजात राग नाही, अनुभव आहे.

उपसरपंच मध्ये पडतात. योजना अडकली तर गावाचंच नुकसान, ठराव देऊन टाकू, वस्तीसाठी आपण बंधितमधून छोटी टाकी बांधू. सूचना ऐकायला शहाणपणाची आहे. नानाही मान डोलावतात. आणि इथं सरपंचबाई इतका वेळ हातात धरलेल्या कागदाची घडी उलगडतात.

"हे योजनेचं अंदाजपत्रक. मी नक्कल काढून आणलीय. ह्यात वस्ती धरलेली हाय. वस्तीला पानी चढवायचा खर्च बी धरलेला हाय. जे काम एकदा धरलंय, ते पुन्हा आपल्या पैशातनं कशापायी करायचं? बंधितचा पैसा हाय, म्हंजी फुकटचा हाय व्हय? त्यातनं शाळेच्या मुतारीचं काम निघंल."

तरुण अंदाजपत्रक बघायला हात पुढं करतो. बाई कागद टेबलावर ठेवतात, पण बोट त्यावरच.

आता सगळे एकदम बोलू लागतात. खालच्या आळीला पाणी येतं, त्यांना घाई आहे. पाइपसाठी खणलेला रस्ता पूर्ववत झालेला नाही, हे कुणीतरी काढतं. कुणी म्हणतं, लाडक्या बहिणींना महिन्याला पंधराशे मिळत्यात, आता पाणी बी पायजे व्हय? त्यावर बाया अशा काही उसळतात, की म्हणणारा चप्पल शोधायला लागतो. भाऊसाहेब दोनदा टेबल वाजवतात. या गलक्यातच ते लिहायला घेतात आणि लिहिता लिहिता मोठ्यानं उच्चारतात, "सदर विषयावर सविस्तर चर्चा करण्यात आली..."

"चर्चा नगं," आक्का टेबलापाशी येते. "ठराव लिवा. मगाशी तुमीच शिकिवलं. नोंदवा म्हनून सांगतीय."

"ठरावाला सूचक लागतो, आक्का. आणि अनुमोदक."

"सूचक मी."

"अनुमोदक?"

वस्तीवरच्या चार हात वर होतात. पण त्याआधी, अगदी क्षणभर आधी, उपसरपंच म्हणतात, "अनुमोदक माझं नाव घाला."

मघाशी ठराव देऊन टाका म्हणणारे तेच. सरपंचबाई त्यांच्याकडं बघतात, बोलत नाहीत. आबा माझ्या कानाशी लागतात, "झेडपीला उभं ऱ्हायचंय त्याला. अडीच वर्सं दंड थोपटून बसलाय गडी, आखाडाच भरंना. वस्तीची दीडशे मतं कोन सोडंल?"

मत मिळवायच्या गरजेपोटी का होईना, गावच्या दोन पॅनेलचा एक ठराव तयार होतो. लिहिताना शब्दाशब्दाला अडवणूक होते. "काही घरांना" असं लिहिलेलं खोडून घरांची संख्या घालावी लागते. "लवकरात लवकर" खोडून मुदत घालावी लागते. शेवटी भाऊसाहेब उभं राहून सलग वाचतात. वरच्या वस्तीवरील घरांना माणशी ५५ लिटर पाणी प्रत्यक्ष मिळत असल्याची खात्री होईपर्यंत योजना पूर्ण झाल्याचा ठराव देण्यात येऊ नये. अंदाजपत्रकातील वस्तीचे काम पूर्ण करून घ्यावे. प्रत पंचायत समितीस व जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागास पाठवावी. सूचक, अनुमोदक. शेवटचं वाक्य तेच, सर्वानुमते मंजूर. या वेळी ते वाचताना भाऊसाहेब मान वर करून आक्काकडं बघतात. ती हात करते, म्हणजे चालू द्या.

ठेकेदाराचा माणूस फाइल मिटतो आणि फोन लावत बाहेर जातो. फोनवरचं एकच वाक्य ऐकू येतं, "नाही साहेब, बायकाच जास्त होत्या."

मग निघतो आयत्या वेळचा विषय. शाळेच्या दोन खोल्या गळतात. शाळा जिल्हा परिषदेची. गेल्या वेळीही अर्ज दिला होता, त्याचं काय झालं?

"आपला झेडपी मेंबर कोन हाय सध्या?" कडेवर लेकरू असलेली ती विचारते. "त्यालाच धरू की. पान्याचा कागद बी त्याच्याकडंच द्या."

"मेंबर नाही कुणी," भाऊसाहेब सांगतात. "मार्च २०२२ ला मुदत संपली. तेव्हापासून प्रशासक."

"आन् पंचायत समितीला?"

"तिथंही तेच."

हे सातारा जिल्ह्यात ऐकायला विशेष वाटतं. बलवंतराय मेहता समितीनं १९५७ मध्ये सत्तेचं मुख्य ठाणं तालुक्याच्या पातळीवर ठेवायला सुचवलं होतं; महाराष्ट्रानं वसंतराव नाईक समितीचं ऐकून जिल्ह्याला बळ दिलं. तेव्हा मुख्यमंत्री होते याच मातीतले यशवंतराव चव्हाण. १९६१ चा कायदा झाला, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या आणि पुढं राज्यातल्या नेत्यांच्या कित्येक पिढ्या त्याच सभागृहांत घडल्या. घटनेनं पाच वर्षांची मुदत घातली आणि ती संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे असं सांगितलं. ओबीसी आरक्षण आणि गटांची संख्या यांचे वाद न्यायालयात गेले, आणि मधली दोन सभागृहं रिकामी राहिली. खाली ग्रामपंचायत आहे, वर विधानसभा आहे. मधल्या दोन पायऱ्यांवर लोकांनी निवडलेलं कुणी नाही. गावानं ठराव केला तरी तो वर मांडायला, त्यासाठी भांडायला, माणूस नाही. फाइल आपल्या पायांनी चालत जात नाही.

"मग आमदाराकडं जाऊ," नाना म्हणतात.

"आमदार आता तिकिटाच्या गडबडीत," उपसरपंच म्हणतात, आणि या बाबतीत त्यांच्याइतकी पक्की माहिती कुणाकडं नसावी. "आठ-दहा दिवसांत आचारसंहिता लागंल. एकदा ती लागली, की सायब लोक कागदाला हात लावायचं न्हाईत."

सरपंचबाई भाऊसाहेबांना विचारतात, "ठरावाची नक्कल कवा मिळंल?"

"शुक्रवारपर्यंत देतो."

"मग सोमवारी जायचं. आपन समद्यांनी. आधी बीडीओ सायब, मग पान्याचा विभाग."

"सोमवारी पाचवी माळ," कुणीतरी म्हणतं. "उपास हाय निम्म्यांचा."

"उपाशी मानसाला बीडीओ भेटत न्हाई, असं कुटं लिवलंय?"

गाडीवरून वाद सुरू होतो. साडेआठची एसटी भरून येते, दहाचीला उशीर होतो. उपसरपंच आपली जीप देऊ करतात. वस्तीवरच्या बाया एकमेकींकडं बघतात आणि एसटीचंच नक्की करतात. आक्का टेबलापाशी वाकून ठरावाखाली सही करते, अक्षर अक्षर सुटं. मंडपातली माणसं उठू लागलीत, घरोघरी पितरांची पानं खोळंबलीत.

भाऊसाहेब वही मिटता मिटता म्हणतात, "जाल तेव्हा दुसरी प्रत सोबत ठेवा. आणि त्यावर शिक्क्यानिशी पोच घ्यायला विसरू नका."

"पोच घेतल्याबिगर तितनं उठतंय कोन?" आक्का म्हणते, आणि पुढच्या वेळी शाळेच्या खोल्यांचा विषय आयत्या वेळी नको, विषयपत्रिकेत पहिला घ्या, हेही त्यांच्याकडून लिहून घेते.